२५ रुपये महिना ते ३ लाखांची योजना : बाबासाहेबांच्या शिक्षणाला पैसा आला कुठून?

४ जून १९१३. बडोदा संस्थानाच्या एका करारावर २२ वर्षांच्या तरुणाने सही केली. संस्थान त्याला अमेरिकेत तीन वर्षं शिकवणार, महिन्याला साडेअकरा पौंड देणार. बदल्यात शिकून आल्यावर त्याने दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची. तरुणाचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. वडील जाऊन चार महिने झाले होते, घरात बायको आणि सहा महिन्यांचं मूल होतं, आणि खिशात स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं.

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी गावोगावच्या फलकांवर लिहिलेली असते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. पोरांना ती तोंडपाठ असते. पण त्या पदव्यांचा खर्च कोणी उचलला, कोणत्या अटीवर उचलला आणि पैसा मध्येच आटला तेव्हा काय झालं, हे फारसं सांगितलं जात नाही. बारावीचा निकाल लागला की आजही ओसरीवर हीच बोलणी सुरू होतात. फी किती, शिष्यवृत्ती मिळेल का, कर्ज काढायचं का, की पोराने आधी कामाला लागायचं? बाबासाहेबांच्या आयुष्यात हे सगळे प्रकार एकामागून एक आले.

बहिणींचे दागिने

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार, तिथल्याच शाळेत शिकवायचे. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. साताऱ्यात असतानाच आई भीमाबाई गेल्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचं नाव पटावर लागलं. महाराष्ट्रात आता हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

शाळेतले अपमान सगळ्यांना माहीत आहेत. पैशाची एक गोष्ट मात्र कमी माहीत आहे. मुंबईच्या गिरण्यांत पोरांना काम मिळतं असं भीमरावांनी ऐकलं होतं. गाडीभाड्याला पैसे नव्हते. आईनंतर घर सांभाळणाऱ्या आत्याच्या कमरेला एक पिशवी असायची. ती लांबवायची असं पोराने ठरवलं. तीन रात्री जमलं नाही, चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. आत निघाला अर्धा आणा. एवढ्यात मुंबई कुठली गाठणार? तिथेच त्यांनी ठरवलं की आता नीट अभ्यास करायचा आणि लवकर आपल्या पायावर उभं राहायचं. हा प्रसंग पुढे त्यांनी स्वतःच सांगितलेला आहे.

कुटुंब मुंबईला आलं, परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागलं. चूल तिथेच, सरपण तिथेच, झोपायचंही तिथेच. रामजी पोराला लवकर झोपवायचे, रात्री दोनला उठवायचे आणि दिव्याच्या उजेडात अभ्यासाला बसवायचे. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागले. पेन्शनीत दोन पोरांचं शिक्षण झेपेना, म्हणून थोरल्या आनंदरावांनी शाळा सोडून नोकरी धरली. एका भावाने थांबायचं म्हणजे दुसऱ्याला पुढे जाता येतं. हा हिशेब खेड्यातल्या किती घरांनी केला असेल, त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नसते.

भीमरावांना पुस्तकांचं वेड होतं. अभ्यासाच्या पुस्तकांवर त्यांचं भागत नसे. पोराने पुस्तक मागितलं की रामजी उठायचे आणि लेकीच्या घरी जायचे. धाकटीकडे चार पैसे असले तर ठीक. नसले तर थोरलीकडे. तिच्याकडेही रोकड नसली की ती एखादा दागिना काढून द्यायची. रामजी तो सावकाराकडे गहाण टाकायचे, पोराला पुस्तक आणून द्यायचे आणि पेन्शन झाली की दागिना सोडवून लेकीला परत करायचे. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. बाबासाहेबांना पहिली शिष्यवृत्ती बडोद्याने दिली असं आपण म्हणतो. खरं तर पहिली त्या दोन बहिणींनी दिली.

ओळख होती म्हणून

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होतो ही तेव्हा इतकी मोठी गोष्ट होती की मुंबईत सत्काराची सभा झाली. सभेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर होते. हे केळुसकर गुरुजी शिक्षक आणि लेखक. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी आधीच हेरला होता. सत्काराला त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं.

भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, पण काही काळातच रामजींची ओढाताण सोसण्यापलीकडे गेली. शिक्षण थांबणार असं दिसू लागलं. तेव्हा केळुसकर त्यांना घेऊन सयाजीराव गायकवाड महाराजांकडे गेले. होतकरू अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करू, असं महाराजांनी थोड्याच दिवसांपूर्वी मुंबईतल्या सभेत जाहीर केलं होतं. महाराजांनी मुलाला काही प्रश्न विचारले, उत्तरं पटली आणि महिना २५ रुपये मंजूर झाले.

या २५ रुपयांवर कॉलेज झालं. म्युलर नावाचे एक प्राध्यापक त्यांना पुस्तकं आणि कपडे द्यायचे. संस्कृत शिकायची इच्छा असूनही शाळेतच ती वाट बंद झाली होती, म्हणून इंग्रजी आणि फारसी हे विषय घेऊन ते बी.ए. झाले.

इथे जरा थांबून बघायला हवं. मुलगा हुशार होता हे खरंच. पण तो बागेत वाचत बसला नसता, किंवा केळुसकर त्या बागेत येत नसते, किंवा केळुसकरांची महाराजांपर्यंत पोच नसती, तर? त्या काळी गरीब पोराला मदत मिळायची ती अशी. कोणीतरी ओळखीचा हवा, त्याने कुठेतरी शब्द टाकायला हवा आणि देणाऱ्याचं मन मोठं हवं. सयाजीरावांचं होतं. त्यांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. पण सगळीकडे सयाजीराव नव्हते. ही गोष्ट बाबासाहेबांच्या मनात पक्की बसली असणार, कारण तीस-पस्तीस वर्षांनी त्यांनी नेमकी तीच दुरुस्त केली.

साडेअकरा पौंड आणि दहा वर्षांची अट

बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत गेले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते सुरतेला उतरले आणि त्यात गाडी चुकली. घरी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. २ फेब्रुवारीला रामजी गेले.

त्याच सुमारास सयाजीराव काही विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवायच्या विचारात होते. चार जणांची निवड झाली, त्यात भीमराव होते. साडेअकरा पौंड म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेदोनशे रुपयांच्या आसपास. आकडा मोठा दिसतो, पण राहायचं न्यूयॉर्कमध्ये होतं आणि त्यातूनच मुंबईत रमाबाईंना घरखर्चाला पाठवायचे होते.

जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. वसतिगृहात नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याशी दोस्ती झाली. हे नाव पुढे लागणार आहे. सुरुवातीचे थोडे दिवस नव्या गावाच्या नवलाईत गेले. मग मात्र त्यांनी दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यास लावला. नाटक-सिनेमा नाही, चैन नाही. वाचवलेला पैसा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जायचा. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी दोन हजारांच्या घरात पुस्तकं जमवली. १९१५ मध्ये एम.ए. झालं. अर्थशास्त्राचे मोठे प्राध्यापक सेलिगमन यांच्या हाताखाली पीएच.डी.चं काम उभं राहिलं. मे १९१६ मध्ये भारतातल्या जातींवरचा त्यांचा निबंध तिथल्या चर्चासत्रात वाचला गेला.

मुदत संपत आली, शिकण्याची भूक संपली नव्हती. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असे दोन्ही अभ्यास एकदम सुरू केले. वर्षभरात बडोद्याच्या दिवाणांचा निरोप आला की शिष्यवृत्ती संपली, परत या. अभ्यास अर्धा, पदवी नाही, हातात पैसा नाही. विद्यापीठाने एवढंच मान्य केलं की चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल.

महायुद्धाचे दिवस होते. पुस्तकं आणि सामान दुसऱ्या जहाजाने पाठवलं होतं. ते जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडालं. पोटाला चिमटा काढून जमवलेली पुस्तकं समुद्रात गेली. नुकसानभरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले. करारातली नोकरी पत्करायला बडोद्याला जायचं होतं, तो प्रवास याच पैशावर झाला.

बडोद्याचे अकरा दिवस

सप्टेंबर १९१७. बडोद्यात नोकरी मोठी होती, महाराजांच्या लष्करी सचिवाची. पण शहरात राहायला खोली कोणी देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. कचेरीत शिपाईही कागद दुरून टेबलावर टाकायचे. प्यायला पाणी मिळायची मारामार. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले पारशी लोक जिन्यात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करायला सांगून गेले. ओळखीच्या दोन घरी आसरा मागितला, दोन्हीकडे सबबी ऐकायला मिळाल्या. कोलंबियात शिकलेला हा माणूस गावातल्या बागेत झाडाखाली बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाला.

दहा वर्षांच्या कराराचं असं झालं. शिष्यवृत्तीबरोबर येणारी अट पाळायला माणूस तयार होता, पण ज्या गावात नोकरी करायची त्या गावाने त्याला डोक्यावर छप्पर दिलं नाही. पैसा, पदवी आणि हुद्दा हे तिन्ही हाती असताना राहायला खोली मिळाली नाही. नुसत्या फीच्या पैशाने गरीब पोराचं शिक्षण पुरं होत नाही, राहण्याची सोयही लागते. पुढे बाबासाहेबांनी वसतिगृहांवर इतका जोर का दिला, ते इथे कळतं. महाराजांबद्दलची कृतज्ञता मात्र त्यांनी सोडली नाही. कोलंबियाचा प्रबंध १९२५ मध्ये पुस्तकरूपाने छापला तेव्हा तो त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केला.

पगारातली बचत, महाराजांची मदत, मित्राचं कर्ज

मुंबईत परतल्यावर हाती काम नव्हतं. दोन पारशी विद्यार्थ्यांच्या शिकवण्या धरल्या. शेअरबाजाराचा सल्ला देणारं एक छोटं कार्यालय काढलं. सल्ला देणारा कोण आहे हे कळलं तशी गिऱ्हाइकं बंद झाली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली. पगार महिना ४५० रुपये.

एवढ्या पगारात माणूस बंगला करतो. आंबेडकर परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहिले. लंडनचा अभ्यास अर्धा पडला होता आणि चार वर्षांची मुदत चालली होती. पगारातला मोजका भाग घरात द्यायचा, बाकीचा बाजूला टाकायचा. त्या मोजक्या पैशात रमाबाईंनी घर चालवलं. या दांपत्याची चार मुलं दगावली, एकटे यशवंतराव जगले. बाबासाहेबांच्या शिक्षणखर्चाच्या वहीत रमाबाईंच्या नावापुढचा आकडा कोणाला लिहिता येणार नाही.

याच काळात कोल्हापूरचे शाहू महाराज त्यांना भेटायला परळच्या चाळीत आले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली होती. गावाकडचं पोरगं शहरात शिकायचं तर त्याला आधी जेवण आणि अंथरूण लागतं, हे त्यांना उमजलं होतं. जानेवारी १९२० मध्ये सुरू झालेल्या मूकनायक पाक्षिकाला त्यांनी मदत केली. मार्चमध्ये कागल संस्थानातल्या माणगावच्या परिषदेत त्यांनी आंबेडकरांना लोकांसमोर पुढारी म्हणून उभं केलं. लंडनसाठीही त्यांनी हातभार लावला.

तरीही रक्कम पुरेना. तेव्हा न्यूयॉर्कचे दोस्त नवल भथेना धावून आले. त्यांनी ५ हजार रुपये कर्जाऊ दिले. आज बँकेत शैक्षणिक कर्ज मागायला गेलं की सहकर्जदार, तारण, उत्पन्नाचा दाखला अशी यादी हातात पडते. त्या काळी चाळीत राहणाऱ्या अस्पृश्य माणसाला परदेशी शिकायला बँकेने कर्ज देण्याचा प्रश्नच नव्हता. भथेनांपाशी तारण होतं ते मैत्रीचं.

जुलै १९२० मध्ये आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले. स्वतःची बचत, राजाची मदत आणि मित्राचं कर्ज, असा तीन ठिकाणचा पैसा एकत्र करून.

रुपया घसरला

लंडनमध्ये एका बाईच्या घरी खोली घेतली. सकाळी पावाचा तुकडा, थोडासा मासा आणि चहा. मग थेट ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय. दार उघडताना आत जायचं आणि पहारेकरी उठवील तेव्हा बाहेर पडायचं. दुपारचं जेवण नाही. रात्री पुन्हा अभ्यास. भूक असह्य झाली की एका ओळखीच्याने दिलेले पापड भाजून खायचे.

त्यात एक संकट असं आलं की त्यांच्या हातात काहीच नव्हतं. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला अडीच शिलिंगांहून जास्त मिळत होते. वर्ष-दीड वर्षात तो भाव दीड शिलिंगाच्याही खाली आला. म्हणजे मुंबईत काटकसर करून जमवलेले रुपये तेवढेच राहिले, पण लंडनमध्ये त्यांचे पौंड कमी मिळू लागले. फी पौंडात, खोलीभाडं पौंडात, बचत रुपयात. १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले. परदेशी शिकणाऱ्या मुलांचे आईबाप आजही डॉलरचा भाव बघून दचकतात, तो हाच प्रकार.

आणि त्यांच्या डी.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय काय होता? रुपयाचाच प्रश्न. रुपयाची किंमत कशी ठरते, ती ठरवताना सरकार कुठे चुकतं, हे ते दिवसभर ग्रंथालयात तपासत होते, आणि रात्री खोलीवर त्याच रुपयाची झळ सोसत होते.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झालं, १९२२ मध्ये बॅरिस्टरी. त्याच वर्षी मे महिन्यात शाहू महाराज गेले. मोठा आधार तुटला. प्रबंधात काही बदल करा असं परीक्षकांनी सांगितलं, पण तोवर लंडनला राहण्यापुरते पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध दुरुस्त केला आणि टपालाने पाठवला. त्याच साली डी.एस्सी. मिळाली. हा प्रबंध त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला वाहिला. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलं, याची ती कबुली होती.

बॅरिस्टर झाले, पण वकिलीची सनद काढायलाही पैसे नव्हते. ते ५०० रुपये दिले पुन्हा नवल भथेनांनीच. मित्राला सारखा त्रास देतो याचा संकोच बाबासाहेबांच्या पत्रात दिसतो.

आपल्याला मिळालं, बाकीच्यांचं काय?

स्वतःचं शिक्षण झाल्यावर बाबासाहेबांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. सभेचं एक पहिलं काम म्हणजे सोलापूरला वसतिगृह. जानेवारी १९२५ पासून तिथे मुलांची राहण्या-जेवण्याची सोय झाली, सोलापूर नगरपालिकेनेही थोडा हातभार लावला. पुढे मुंबईच्या विधिमंडळात गेल्यावर शिक्षणावरच्या सरकारी खर्चाचे आकडे काढून ते सरकारला धारेवर धरू लागले. १९२८ मध्ये दलित मुलांच्या वसतिगृहांसाठी त्यांनी वेगळी शिक्षण संस्था उभी केली.

खरा पल्ला गाठला तो १९४२ नंतर. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना एक लांबलचक निवेदन दिलं. अनुसूचित जातींच्या मुलांनी विज्ञान आणि तंत्रशिक्षण घ्यायचं तर खर्च त्यांच्या आवाक्याबाहेर आहे, तो सरकारने उचलावा, परदेशी शिक्षणासाठीही वेगळी तरतूद करावी, अशी त्यातली मागणी होती.

या भेटीची हकीकत बाबासाहेबांनी पुढे सांगितली आहे. आपण एकटे पाचशे पदवीधरांच्या तोडीचे आहोत की नाही, असं त्यांनी व्हाइसरॉयला विचारलं. व्हाइसरॉयने ते मान्य केलं. मग बाबासाहेब म्हणाले की मी एवढा शिकलो म्हणून सरकारात मोक्याच्या जागी बसून चारी बाजूंना नजर ठेवू शकतो, आमच्या समाजातून अशी आणखी माणसं तयार व्हायला हवीत. नुसते कारकून तयार करून भागणार नाही. व्हाइसरॉयला ते पटलं. सरकारने वर्षाला ३ लाख रुपये मंजूर केले आणि १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. काही विद्यार्थी परदेशीही गेले.

केळुसकर गुरुजींच्या ओळखीने मिळालेले २५ रुपये आणि या ३ लाखांत फरक रकमेचा तर आहेच. मोठा फरक हा की इथे कोणाच्या शब्दाची गरज उरली नाही. मुलगा मॅट्रिक झाला, निकषात बसला, अर्ज केला, की पैसे त्याला मिळायला हवेत. बदल्यात दहा वर्षांची नोकरी नाही, कर्जाची फेड नाही. स्वातंत्र्यानंतर ही योजना अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांनाही लागू झाली.

महाडीबीटी पोर्टलवर आज जी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती दिसते, ती हीच. अनुसूचित जातींसाठी तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे, आणि तिच्यात कॉलेजची फी व निर्वाह भत्ता दोन्ही येतात. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना जेवणाखाणाचे, खोलीचे पैसे थेट खात्यात देणाऱ्या योजनेला बाबासाहेबांचं नाव आहे, ती स्वाधार योजना. परदेशी शिकण्यासाठीच्या राज्य सरकारच्या योजनेला शाहू महाराजांचं. नावं देणाऱ्यांनी इतिहास बरोबर वाचलेला दिसतो. हप्ते वेळेवर पडले असते तर वाचन आणखी पक्कं झालं असतं. रक्कम खात्यावर येईपर्यंत मुलाची परीक्षा उरकलेली असते, हे तालुक्याच्या कुठल्याही कॉलेजात विचारलं तरी कळेल.

सकाळचं कॉलेज

नोकरी करून शिकायचं म्हणजे काय, हे बाबासाहेबांना माहीत होतं. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. तिथले वर्ग सकाळी भरायचे. कचेरीत कारकुनी करणारा मुलगा पहाटे उठून वर्गाला बसायचा आणि तिथून कामावर जायचा. पगार चालू आणि शिक्षणही चालू. कॉलेज सगळ्या जातींच्या मुलांना खुलं होतं.

मग त्यांनी मराठवाड्याकडे नजर वळवली. तेव्हा निजामाच्या राज्यातून नुकत्याच सुटलेल्या या भागात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच. शिकायचं तर पोराला हैदराबादला जावं लागे, आणि तेवढी ऐपत कोणाची? १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, त्यांनी कॉलेज काढलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. माळरानावर इमारती उभ्या राहत असताना ते स्वतः तिथे मुक्काम करायचे, नकाशे तपासायचे, कुठे कोणतं झाड लावायचं तेही सांगायचे. कॉलेजबरोबर वसतिगृहंही झाली. बीड, परभणी, नांदेडच्या खेड्यांतली मुलं पेटी आणि वळकटी घेऊन यायची आणि तिथे राहून शिकायची. त्यांच्यातले बरेच जण घरातले पहिले पदवीधर होते. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले, तेव्हा नागसेनवनाच्या त्या वसतिगृहांत अशी मुलं अभ्यासाला बसलेली होती.